गाळा घेण्याआधी हातात खडू घ्या : पत्र्याच्या कामाला जागा नेमकी किती लागते

भोसरीत आमचं पत्र्याच्या कामाचं छोटं युनिट आहे. इलेक्ट्रिकल पॅनेलचे रिकामे बॉक्स बनवतो, म्हणजे पत्रा कापायचा, बेंड मारायचे, वेल्डिंग, ग्राइंडिंग, मग पावडर कोटिंगला, म्हणजे पावडरचा रंग मारून भट्टीत पक्का करायला, बाहेर पाठवायचं आणि परत आलं की गास्केट (दरवाजाची रबरी पट्टी), लॉक, बिजागऱ्या बसवून पार्टीला पोचवायचं. पहिली सात वर्षं २० बाय ५० च्या गाळ्यात काढली, हजार फूट. आता बावीसशे फुटांत आहोत. नवीन धंदा सुरू करणारी मुलं भेटायला येतात, मशीन कुठलं घेऊ, सेकंड हँड चालेल का, लोन कुठल्या बँकेचं करू असं सगळं बारकाईने विचारतात, पण जागेबद्दल एकच प्रश्न असतो, भाडं किती पडतं. फूट किती लागतील हे कोणी विचारतच नाही, तिथे सगळे अंदाजाने "हजार फूट बास होईल" म्हणतात आणि मी पण तेच म्हणालो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आमचं काय झालं ते सांगतो. २०१९ चा ऑक्टोबर, दिवाळी तोंडावर, एका पार्टीची ६० पॅनेलची ऑर्डर चालू होती. वेल्डिंग, ग्राइंडिंग झालेला माल आत ठेवायला जागाच नव्हती म्हणून शटरबाहेर थप्प्या लावून वर ताडपत्री टाकली. त्या वर्षी परतीचा पाऊस जाता जात नव्हता. दोन रात्री पाऊस पडला, ताडपत्रीवर पाणी साचून मधे झोळ पडला आणि पाणी खाली झिरपलं, सकाळी बघतो तर कोऱ्या पत्र्यावर लाल गंज धरलेला. सगळ्यात वाईट बेंडच्या आतल्या कोपऱ्यांत आणि बिजागरीच्या टॅकजवळ, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या टाक्याजवळ, जिथे पॉलिश पेपरसुद्धा नीट पोचत नाही तिथे. ६० पैकी ४१ बॉक्स परत घासले. चार माणसं, तीन दिवस. डिलिव्हरी दिवाळीनंतर गेली आणि त्या पार्टीने पुढची ऑर्डर अर्धी केली. त्यांची चूक नव्हती, त्यांच्या साइटवर वायरमन बसून होते. त्या महिन्यात वाचवलेल्या भाड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे त्या तीन दिवसांत गेले.

तेव्हा बसून पहिल्यांदा नीट हिशोब केला, आणि जे दिसलं ते हे की जागा मशीन खात नाही, मधल्या टप्प्यावर थांबलेला माल खातो. तुम्हीही हा हिशोब मशीनपासून नाही, मालापासूनच सुरू करा.

आमचं उदाहरण घ्या. ८०० बाय ६०० बाय ३०० मिलिमीटरचा बॉक्स, १६ गेज म्हणजे १.६ मिलीचा पत्रा. दरवाजा, मागची बाजू, चार साइड आणि बेंडच्या पट्ट्या धरून एका बॉक्सला साधारण दोन चौरस मीटर पत्रा जातो. ५० बॉक्सला २५०० बाय १२५० चे वेस्टेज धरून ३६ पत्रे लागतात असं समजा. ३६ पत्र्यांची थप्पी किती उंच होते? ३६ गुणिले १.६, म्हणजे ५८ मिली, सव्वादोन इंच! वजन चौदाशे किलो, पण उंची बोटभर. हाच माल बेंड होऊन वेल्ड झाला की एकेक बॉक्स आडवा ठेवला तर सव्वापाच चौरस फूट जमीन घेतो, तीन-तीनच्या थप्प्या लावल्या तरी १७ थप्प्या होतात, नुसत्या थप्प्यांचेच ९० फूट झाले आणि मधून माणूस जायला वाट ठेवली की १२० च्या घरात जातो. पावडर कोटिंग होऊन आला की तीन-तीनची थप्पी पण लावता येत नाही, मधे फोम किंवा पुठ्ठा लागतो नाहीतर चरे पडतात. आणि एका वेळी एकच ऑर्डर कधी चालू असते का? एक कटिंगला असते, एक वेल्डिंगला, एक कोटिंगहून परत आलेली आणि एक तयार होऊन गाडीची वाट बघत उभी.

तर पहिलं काम, एक वही घ्या आणि तुमच्या सगळ्यात जास्त चालणाऱ्या आयटमचा प्रत्येक टप्प्यावरचा आकार लिहा: कच्चा असताना किती जागा घेतो, अर्धवट झाल्यावर किती, तयार झाल्यावर किती, आणि त्या त्या टप्प्यावर किती दिवस पडून राहतो. शेवटचा आकडा खरा लिहा, आपल्या मनातला नको. कोटिंगवाला दोन दिवस म्हणतो आणि चार लावतो, तर चार लिहा. तुमचं काम वेगळं असेल, प्लॅस्टिक मोल्डिंग असेल, मसाल्याचं पॅकिंग असेल, लाकूडकाम असेल, पण हे सगळ्यांना लागू आहे. मोल्डिंगवाल्याकडे दाण्याची गोणी छोटीशी असते आणि त्यातून निघालेल्या बादल्यांनी खोली भरते.

आता मशीन. मशीनचं माप कॅटलॉगमधे असतं ते नुसत्या मशीनचं असतं, काम करतानाचं नसतं. आठ फुटी शेअरिंग मशीन, म्हणजे पत्रा कापायचं मशीन, साधारण १० बाय ५ जागेत उभं राहतं, म्हणजे ५० फूट. पण पुढून आठ फुटी पत्रा आत सरकवायचा आहे, पत्र्यामागे माणूस उभा आहे, म्हणजे पुढे ११ फूट मोकळे लागतात. मागे कापलेले पीस पडतात, ते उचलायला माणूस वाकणार, तिथे चार फूट. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट, कारण ब्लेड बदलताना आणि ग्रीस मारताना आत शिरायला लागतं. झालं, १४ बाय २०, २८० फूट. कॅटलॉगच्या साडेपाच पट! बेंडिंग मशीनचं अजून वेगळं, तिथे पत्रा बेंड होताना वर उचलला जातो, मोठा पीस असेल तर तो झपकन वर येतो आणि दोन्ही बाजूंना धरणारे दोघं मागे सरकतात. त्यांच्या मागे जर वेल्डिंगचं टेबल असेल तर काय होईल हे सांगायला नको. आमच्याकडे एका हेल्परची कोपर अशीच टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली होती, चार दिवस हात वर होत नव्हता त्याचा. तो निष्काळजी नव्हता हो, त्याला मागे सरकायला जागाच ठेवली नव्हती आम्ही.

हे सगळं कागदावर काढा, आलेख वहीत एक चौकोन म्हणजे एक फूट, पुठ्ठ्याचे मशीनचे तुकडे कापा आणि हलवून हलवून बघा. पण तिथेच थांबू नका. गाळा बघायला जाल तेव्हा खडूचा डबा आणि टेप घेऊन जा. रिकाम्या गाळ्याच्या फरशीवर प्रत्येक मशीन आणि त्याच्या भोवतीची कामाची जागा खऱ्या मापात आखा, मालाच्या थप्प्या आखा, वाट आखा. मालक किंवा ब्रोकर बघत राहील, बघू दे. मग दोघांनी आठ बाय चारचा पुठ्ठा किंवा प्लायवूड आडवं धरून शटरपासून शेअरिंगच्या खुणेपर्यंत चालत जा, तिथून बेंडिंगला, तिथून वेल्डिंगला. कुठे वळता येत नाही, कुठे खांब आडवा येतो, कुठे पत्रा उभा करावा लागतो हे दहा मिनिटांत कळतं. आम्ही एक गाळा असाच सोडला, १४०० फूट होता आणि भाडं पण बरं होतं, पण बरोबर मधे एक खांब होता आणि त्याच्यामुळे पत्रा वळवायला दर वेळी मागे जाऊन यावं लागलं असतं. दिवसाला शंभर वेळा.

दुसरी एक गोष्ट करून बघा, सध्याच्या गाळ्यातसुद्धा करता येते. सुतळीचा गुंडा घ्या. एका बॉक्सचा प्रवास जसा होतो तसा सुतळी सोडत चला, पत्र्याच्या रॅकपासून डिस्पॅचपर्यंत, प्रत्येक ठिकाणी खुर्चीला नाहीतर मशीनच्या पायाला एक वेढा मारत. शेवटी सुतळी मोजा. आमच्या ५० फुटी गाळ्यात ती ३४० फूट भरली होती. कारण कटिंग मागच्या भिंतीला होतं, बेंडिंग शटरजवळ आणि वेल्डिंग परत मागे, जसजसं मशीन घेत गेलो तसतसं जिथे मोकळं दिसलं तिथे बसवत गेलो होतो. नुसती मशीनची जागा बदलून पण यातला बराच भाग कमी होतो, पण बदलायला आधी थोडी मोकळी जागा लागते, आणि ती नसते, म्हणून कोणी बदलत नाही.

आता पैशाचं बोलू, कारण घरी आणि पार्टनरला पटवायला आकडाच लागतो. आमच्याकडे रोज सकाळी तीन माणसं ४० मिनिटं माल बाहेर काढायची, मग मशीनपुढची जागा मोकळी व्हायची आणि काम सुरू. संध्याकाळी परत ४० मिनिटं माल आत. तीन माणसांची रोजची ८० मिनिटं म्हणजे चार तास. महिन्याचे २६ दिवस धरले तर १०४ तास, आठ तासांची पाळी धरली तर १३ रोज. सातशे रुपये हजेरी धरा, ९१०० रुपये झाले. समोर ४०० फूट जादा जागा २५ रुपये फुटाने घेतली असती तर १०,००० भाडं. म्हणजे नुसत्या उचलठेवीच्या मजुरीतच जवळजवळ सगळं भाडं निघत होतं, यात पोचे पडलेले दरवाजे, चरे, उशीर झालेली डिलिव्हरी आणि ओव्हरटाइम धरलेलाच नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण एक आठवडा घड्याळ लावून माल सरकवण्यात किती वेळ जातो ते लिहून काढा. मशीनचा ऑपरेटर पेटी उचलत असतो तेव्हा मशीन बंद असतं, आणि मशीनचा हप्ता चालूच असतो.

पण थांबा, लगेच मोठा गाळा बघायला पळू नका. आधी आहे तो रिकामा करा. रविवारी सगळ्यांनी मिळून प्रत्येक वस्तूवर हात ठेवायचा आणि विचारायचं, सहा महिन्यांत वापरली का. नाही तर लाल चिठ्ठी. कामाची जागा नीटनेटकी ठेवायची जपानी लोकांची फाइव्ह एस नावाची पद्धत आहे, तिच्यात पहिला एस हाच आहे, सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं. आमच्याकडे बंद झालेल्या आयटमच्या डाय, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले पत्र्याचे तुकडे, रिजेक्ट झालेले बॉक्स, जुना कॉम्प्रेसर असं मिळून एक टेम्पो भरून भंगार निघालं, अकराशे किलो. त्या भंगाराला आम्ही दर महिन्याला भाडं भरत होतो. तुकडे ठेवायचेच असतील तर गेजप्रमाणे उभा रॅक करा आणि नियम ठरवा, रॅक भरला की सगळ्यात जुना तुकडा भंगारात. हे केल्यावर आम्हाला अजून दीड वर्ष त्याच गाळ्यात काढता आलं, त्यामुळे याला कमी समजू नका.

माणसांची जागा हा विषय मला सगळ्यात जास्त जवळचा आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं. २०२५ मधे नवी कामगार संहिता लागू होईपर्यंत जो चालू होता त्या १९४८ च्या कारखाना कायद्याने कलम १६ मधे माप घालून दिलं होतं, नव्या कारखान्यात प्रत्येक कामगारामागे कमीत कमी १४.२ घनमीटर जागा, आणि उंची ४.२ मीटरच्या वरची धरायची नाही. म्हणजे छत कितीही उंच असलं तरी माणशी निदान ३.४ चौरस मीटर, ३६-३७ फूट. तुमचं युनिट छोटं असेल, पण फुफ्फुसं सगळ्यांची सारखीच असतात. वेल्डिंगचा धूर, ग्राइंडिंगची धूळ, वर तापलेला पत्रा, एप्रिल-मेमधे दुपारी दोन वाजता त्या गाळ्यात उभं राहून बघा. आमची पोरं डबा कुठे खायची माहितीये? शेअरिंगच्या बेडवर पेपर टाकून. कधीच कोणी तक्रार केली नाही, पण नवीन जागेत ८ बाय १० चा कोपरा जेवायला काढला, एक बाक, पाण्याचा माठ आणि पंखा, तेव्हा एक जुना वेल्डर म्हणाला, "दादा, आता घरच्यांना दाखवायला आणता येईल." ते वाक्य मी विसरलो नाही. बायका कामाला असतील, आमच्याकडे गास्केट आणि लॉक बसवायला चौघी आहेत, तर त्यांचं वेगळं टॉयलेट आणि कपडे बदलायची जागा हे मापात पहिल्या दिवशीच धरा, नंतर जागा निघत नाही.

विजेच्या पॅनेलसमोर एक मीटर जागा कायम मोकळी ठेवायची, हा विजेच्या सुरक्षेचा नियम आहे, आणि छोट्या गाळ्यात सगळ्यात आधी माल तिथेच रचला जातो कारण तिथे कोणाचं काम नसतं. शॉर्टसर्किट झालं आणि मेन स्विचपर्यंत पोचायला बॉक्स ओलांडायला लागले तर? पिवळ्या पट्ट्याने चौकोन आखा आणि त्यात झाडूसुद्धा ठेवू देऊ नका. तसंच वेल्डिंग आणि पॅकिंग एकमेकांपासून जितकं लांब नेता येईल तितकं न्या. ठिणग्यांपासून जळणारं सामान ३५ फूट लांब हवं असा आगीच्या सुरक्षेतला प्रचलित दंडक आहे, छोट्या गाळ्यात तो जमत नाही, मग निदान मधे न जळणारा पडदा लावा आणि थर्माकोल, बबल रोल, पुठ्ठे हे विरुद्ध टोकाला. पावडर कोटिंग घरातच करायचा विचार असेल तर त्याला वेगळी खोलीच पाहिजे. ग्राइंडिंगची धूळ कच्च्या पावडरवर बसली की ओव्हनमधे १८०-२०० डिग्रीला ती तिथेच पक्की होते आणि वरून हात फिरवला की दाणा लागतो. शिवाय त्याआधी पत्रा धुवायच्या सेव्हन टँकची, म्हणजे ओळीने सात टाक्यांची जागा, सांडपाण्याची सोय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी. दोन हजार फुटांच्या आत मी तरी याच्या वाटेला जाणार नाही.

गाळा बघताना चौरस फुटांशिवाय काय बघायचं ते आता पटापट. बिल्टअप सांगतात की कार्पेट, ते टेपने मोजा, आतून आत. शटरची रुंदी आणि उंची बघा, तीन-चार टनांचं मशीन उतरवायला हायड्रा क्रेन लागणार, त्याचा बूम आत येतो का, बाहेरच्या रस्त्यावर तो वळतो का. पत्र्याची गाडी दारात लागते की गल्लीच्या तोंडाशी, हे तर फारच महत्त्वाचं, ४० किलोचा एकेक पत्रा गल्लीतून उचलून आणायचा म्हणजे माणसं महिन्याभरात सोडून जातील. वरच्या मजल्यावरचा गाळा शेअरिंग आणि पॉवर प्रेसच्या कामाला नको, हादरे बसतात. माळा काढता येतो, पण त्यावर हलकाच माल, गास्केट, लॉक, पुठ्ठे. पत्रा चढवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. विजेचा मंजूर लोड किती आहे आणि वाढवून मिळेल का हे आधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन विचारा.

आणि कागदपत्रं. स्वस्त शेड दिसली की माणूस भुलतो. २०२५ च्या फेब्रुवारीत चिखली-कुदळवाडीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने अनधिकृत शेड आणि गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली, ते आपल्या भागातल्या सगळ्यांनी पाहिलं. रात्रीतून मशीन हलवायची वेळ आलेला माणूस कुठे जाणार? बांधकाम परवाना बघा, एमआयडीसीचा प्लॉट असेल तर मूळ मालकाला पोटभाड्याने द्यायची परवानगी आहे का ते बघा, आणि करार अकरा महिन्यांचा करू नका. मशीनचं फाउंडेशन, वायरिंग, लोड वाढवणं याचा खर्च अकरा महिन्यांत निघत नाही, निदान तीन वर्षांचा करा आणि रजिस्टर करा.

किती मोठी घ्यायची? वहीतला मालाचा, मशीनचा आणि माणसांचा हिशोब करून जो आकडा येईल त्यात वाटा धरा, आणि त्यावर चौथा हिस्सा वाढीसाठी. त्याहून जास्त नको, असं माझं मत आहे. जास्त जागा असली की माल पसरतो, शोधाशोध वाढते आणि वर्षभरात ती पण भरलेली दिसते. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० मधे तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली, पण असा आख्खा माळ आता कोणाला मिळत नाही, आपल्याला फुटाफुटाचाच हिशोब करायला लागतो.

जागा ठरली की शिफ्टिंगचं. आधी नव्या जागेत वीज, अर्थिंग आणि फाउंडेशन पूर्ण करा, मगच पहिलं मशीन हलवा. चालू पार्ट्यांचा आठ-दहा दिवसांचा माल आधीच बनवून ठेवा आणि त्यांना तारीख सांगून ठेवा, कोणी रागवत नाही, न सांगता थांबलात तर रागवतात. वेल्डिंगची टेबलं आणि फिटिंग आधी न्या, शेअरिंग आणि बेंडिंग सगळ्यात शेवटी, म्हणजे जुन्या जागेत पत्रा कापून, बेंड मारून नव्या जागेत वेल्ड करता येतो आणि काम पूर्ण बंद पडत नाही. फरशीवरच्या वाटा पहिल्या दिवशीच पक्क्या रंगाने रंगवू नका, महिनाभर खडूनेच ठेवा. माणसं कुठून चालतात, ट्रॉली कुठे अडते ते बघा. आमच्या वाटा पहिल्या महिन्यात तीनदा बदलल्या, दोन वेळा वेल्डरच्या सांगण्यावरून आणि एकदा गास्केटवाल्या ताईंच्या, मग पिवळा रंग आणला.